अचलपूरचा डास

शोळिंगनल्लूरला राहायला येऊन वर्ष होत आलं. चेन्नईच्या दक्षिणेचा हा भाग. जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधे मधे चालू बांधकामं, एखादं जुनं देऊळ, एखादं तळं. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्याच्या पलीकडे समुद्र. उत्तरेला पल्लिकरणैची पाणथळ. २०११ साली हा भाग चेन्नई महापालिकेत आला, पण आमच्या इमारतीला पाणी अजून टँकरनेच येतं. टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो, तिला इथे सगळे ‘सम्प’ म्हणतात. तिथून पंपाने पाणी गच्चीवर चढतं.

मागच्या महिन्यात एका सकाळी महापालिकेच्या डास तपासणाऱ्या बाई आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी गावाला गेलेले, म्हणून वॉचमनने त्यांना ‘फौजी सार’कडे आणून सोडलं. साडीवरून चढवलेला कोट, हातात लांब दांड्याची पळी आणि टॉर्च. आम्ही गच्चीवर गेलो. चार टाक्यांपैकी एकीच्या झाकणाचा कोपरा तुटलेला होता. बाईंनी पळी बुडवली, उन्हात धरली आणि मला दाखवली. स्वच्छ, पिण्याच्या पाण्यात चार-पाच अळ्या होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, आडव्या पडलेल्या.

“इदु मलेरिया कोसु, सार,” बाई म्हणाल्या. कोसु म्हणजे डास. कालव्यातल्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबकळते, ही आडवी राहते, एवढं त्यांनी हातवाऱ्यांनी समजावलं. मग विचारलं, इमारतीत कुणाला ताप आहे का?

होता. त्याच वॉचमनला, ओडिशाच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला, एक दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. महिन्यापूर्वीही आला होता. तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन तो बरा झाला होता. बाईंनी तिथेच त्याच्या बोटातून रक्त घेऊन काच तयार केली. दोन दिवसांनी निरोप आला: व्हायवॅक्स मलेरिया.

पळीतल्या त्या आडव्या अळीचं शास्त्रीय नाव ॲनोफिलिस स्टीफेन्सी. हे नाव मला आधीपासून माहीत होतं, कारण या डासाचं पहिलं वर्णन आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरात झालं. ती गोष्ट पुढे येईलच. त्याआधी एक मोठा प्रश्न: कीटक रोग नेमका कसा चालवतो? आपण म्हणतो डास मलेरिया ‘पसरवतो’, जणू तो टपाल टाकणारा पोस्टमन आहे. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. रोग परजीवीचा असतो हे खरं, पण तो कुठे जाईल, कोणत्या ऋतूत जाईल, दिवसा जाईल की रात्री, हे बऱ्याच अंशी कीटक ठरवतो. आणि या इतिहासाचे बरेच धागे जुन्या मद्रास इलाख्यातून जातात.

रक्तातलं घड्याळ

सुरुवात हत्तीरोगापासून करू, कारण कीटक आणि परजीवी यांचं नातं सगळ्यात आधी तिथे सापडलं. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म, वळवळणारे जंत दिसले. ते रक्तातून पुढे कुठे जातात हे कळत नव्हतं. चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने १८७७ साली दाखवलं, की हे जंत डासाच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात. माणसाचा एखादा परजीवी कीटकाच्या शरीरात वाढतो हे पहिल्यांदाच सिद्ध झालं.

मॅन्सनना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच रुग्णाचं रक्त दिवसा तपासलं तर जंत जवळजवळ दिसत नाहीत, मध्यरात्रीच्या सुमारास घेतलं तर भरपूर. दिवसभर हे जंत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत जाऊन राहतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. कारण सरळ आहे. आपल्याकडे हा रोग वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागं ठेवलं, तर काही दिवसांत जंतांची वेळही उलटली.

पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर हाच परजीवी दिवसा चावणाऱ्या एडिस डासाकडून पसरतो. तिथे जंत दिवसाही रक्तात भरपूर असतात. परजीवी तोच, माणसं तशीच, फक्त डास बदलला आणि परजीवीचं घड्याळ बदललं.

म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीची पथकं रात्री फिरतात. मला आठवतं, पूर्वी एका पोस्टिंगला रात्री नऊनंतर आरोग्य खात्याची माणसं रक्त घ्यायला आली, तेव्हा जवानांनी कुरकुर केली होती: दिवसा काय झालं होतं? तेव्हा मलाही उत्तर माहीत नव्हतं.

मॅन्सन यांची एक चूकही सांगायला हवी, कारण तिची किंमत पुढे दुसऱ्याने मोजली. डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालून काही दिवसांत मरतो आणि जंत त्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातात, असा त्यांचा समज होता. परजीवी बरोबर ओळखला, पण डासाचं आयुष्य चुकीचं मोजलं.

सिकंदराबादचा सर्जन

ज्याने किंमत मोजली तो रोनाल्ड रॉस. जन्म अल्मोड्याचा, वडील लष्करात जनरल. १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि त्याला मद्रास इलाखा मिळाला. १८९४ साली लंडनमध्ये मॅन्सननी त्याला मलेरियाचे परजीवी सूक्ष्मदर्शकातून दाखवले आणि डासाचा तर्क सांगितला. १८९५ साली रॉस १९ व्या मद्रास इन्फन्ट्रीचा डॉक्टर म्हणून सिकंदराबादला रुजू झाला. मॅन्सनच्या समजुतीप्रमाणे त्याने मलेरियाच्या रुग्णाला चावलेले डास पाण्यात मरू दिले आणि ते पाणी तयार असलेल्या माणसांना पाजलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

मग तो डास फाडून बघत बसला. दोन वर्षं. करड्या रंगाचे, पट्टेवाले, जे मिळतील ते. काहीच सापडेना, कारण ते डास चुकीचे होते. माणसाचा मलेरिया फक्त ॲनोफिलिस डासांत वाढतो. क्युलेक्सने मलेरियाच्या रुग्णाचं कितीही रक्त प्यायलं, तरी त्याच्या पोटात परजीवी मरतो. १८९७ च्या उन्हाळ्यात निलगिरीतल्या सिगुर घाटात गेला असताना रॉसला स्वतःलाच मलेरिया झाला.

ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी ठिपकेदार पंखांच्या डासांच्या अळ्या आणून दिल्या. त्यातून निघालेल्या माद्या त्याने हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिल्या, दर डासामागे एक आणा देऊन. चार दिवसांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हे काळे कण त्याने मलेरियाच्या परजीवीतच पाहिले होते. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या होत्या. म्हणजे काहीतरी वाढत होतं.

पुढचा भाग आपल्या सगळ्यांना ओळखीचा वाटेल. इतका मोठा शोध हाताशी आलेला असताना सप्टेंबरमध्ये बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे त्याच्या कामाला लागेल असा मलेरियाच नव्हता. पुढे १८९८ साली कलकत्त्याला काम करायला मिळालं, तेव्हा माणसांचे रुग्ण मिळेनात म्हणून त्याने पक्ष्यांचा मलेरिया घेतला आणि परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत जातो हे दाखवलं. पक्ष्यांचा मलेरिया ज्या डासात वाढला, तो करडा क्युलेक्स. माणसाच्या मलेरियासाठी निरुपयोगी ठरलेल्या जातीनेच पक्ष्यांच्या मलेरियाचं कोडं सोडवलं. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचं चक्र ॲनोफिलिसमध्ये पूर्ण होतं हे सिद्ध केलं. १९०२ साली रॉसला नोबेल मिळालं.

मनुका खाणारी माशी

मद्रास शहराशी जोडलेला दुसरा रोग म्हणजे काळा आजार. दीर्घ ताप, फुगलेली पाणथरी, काळवंडलेली कातडी आणि उपचार नसेल तर बहुधा मृत्यू. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहिलेला एक गोरा सैनिक इंग्लंडमधल्या नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात मरण पावला. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरला १९०० साली त्याच्या पाणथरीत बारीक गोल कण दिसले. त्याने ते १९०३ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केले. त्याच उन्हाळ्यात मद्रास मेडिकल कॉलेजातल्या चार्ल्स डोनोव्हनला तेच कण शहरातल्या रुग्णांत दिसले, आणि त्याने ते जिवंत रुग्णाच्या पाणथरीतूनही काढून दाखवले. नाव ठेवलं रोनाल्ड रॉसने: लीशमेनिया डोनोव्हानी.

परजीवी सापडला, पण वाहक कोण? इथे गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये पॅटन नावाच्या कीटकतज्ज्ञाने ढेकणाच्या पोटात हा परजीवी वाढताना पाहिला आणि ढेकणावर बोट ठेवलं. तर्क चुकीचा वाटत नव्हता. खाटेतला ढेकूण, रात्रीचा चावा, एकाच घरातले रुग्ण. पण तो ढेकूण नव्हता. खरा वाहक होता वाळूमाशी, डासाहून कितीतरी लहान, केसाळ पंखांची सँडफ्लाय. ओलसर माती, शेण, भिंतींच्या भेगा हे तिचं घर. ती लांब उडू शकत नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते. म्हणून काळा आजार घराघरात, वस्तीवस्तीत अडकून राहतो.

वाळूमाशीवर संशय असूनही ती चावून रोग देते हे बरीच वर्षं सिद्ध होईना. एकदा रक्त पाजलेल्या माश्या पुन्हा चावण्याआधीच मरायच्या किंवा त्यांच्यातले परजीवी फारसे वाढायचे नाहीत. अखेर स्मिथ, हालदर आणि अहमद यांनी एक साधी गोष्ट केली. पहिल्या रक्तानंतर माश्यांना पुन्हा रक्त देण्याऐवजी मनुका दिल्या. निसर्गात ही माशी रक्ताबरोबर झाडांचा गोड रसही पिते. मनुकांवर ठेवलेल्या माश्या जास्त दिवस जगल्या आणि त्यांच्या पोटात परजीवी इतके वाढले की अन्ननलिकेचं तोंडच बंद झालं. अशी तुंबलेली माशी चावताना परजीवी जखमेत ओकते. हीच रीत वापरून १९४२ साली आसाममध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांना वाळूमाशी चावून काळा आजार होतो हे सिद्ध केलं.

डोनोव्हननंतर जवळजवळ चाळीस वर्षं लागली, कारण लक्ष परजीवीकडे होतं. माशी काय खाते हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

बारा दिवसांचा हिशोब

आता पुन्हा आमच्या गच्चीवर. वॉचमनच्या रक्तातला परजीवी मादी डासाने प्यायला, तर ती लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊ शकत नाही. परजीवीला तिच्या जठरात मिलन करून, भिंतीत वाढून, लाळेपर्यंत पोचायला वेळ लागतो. फाल्सिपेरम मलेरियाच्या परजीवीला २५ अंश तापमानात साधारण १२ दिवस. ३० अंशांना आठ-नऊ. २० अंशांना जवळजवळ महिना. १६ अंशांच्या खाली वाढ थांबतेच. व्हायवॅक्सला थोडे कमी दिवस पुरतात आणि तो थोड्या जास्त थंडीतही टिकतो.

पण डास तेवढे दिवस जगतो का? समजा, डासांपैकी दररोज ९० टक्के दुसरा दिवस पाहतात. मग शंभर डासांपैकी बारा दिवसांनी सुमारे २८ उरतात. रोजचं प्रमाण ८० टक्क्यांवर आलं, तर बारा दिवसांनी उरतात फक्त सात. डासांची संख्या तेवढीच, चावेही जवळजवळ तेवढेच, पण धोकादायक डास चौपटीने कमी. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं. सगळे डास मारण्याची गरज नाही, म्हातारे डास उरू दिले नाहीत तरी मलेरिया कोसळतो. घराच्या भिंतींवर डीडीटी का मारायचं, याचं उत्तर इथे आहे. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर बसते. ती दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते, म्हणजे बारा दिवसांत चार-पाच वेळा तिला त्या भिंतीचा सामना करावा लागतो.

परजीवीही डासाची वाट बघायला शिकला आहे. व्हायवॅक्सचा परजीवी माणसाच्या यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतो. थंड प्रदेशातल्या काही जातींत तो आठ-नऊ महिन्यांनी उठतो, म्हणजे पुन्हा डासांचा हंगाम आल्यावर. म्हणून ईशान्येत पोस्टिंग काढून आलेल्या जवानाला घरी सुट्टीत ताप येतो आणि गावचा डॉक्टर गोंधळतो. आमच्या वॉचमनचा महिन्यापूर्वीचा ताप तसाच होता. दुकानातल्या गोळ्यांनी रक्तातले परजीवी गेले, यकृतातले तसेच राहिले. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. दुकानात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्लिमची गोळी

आपल्या पेशात या हिशोबाचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रह्मदेशातलं. १९४३ साली या आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी पडून पाठवलेले १२० होते. एकट्या मलेरियाचं वर्षाचं प्रमाण सैन्याच्या ८४ टक्के. हे आकडे जनरल विल्यम स्लिमने स्वतः लिहून ठेवले आहेत. चौदाव्या सैन्यात सगळ्यात मोठी संख्या भारतीय जवानांची होती, त्यात मराठा पलटणींचेही होते.

स्लिमने रुग्णालयं पुढे आणली, हे झालं उपचाराचं. पण मलेरिया खाली आणला तो शिस्तीने. मेपाक्रीनची गोळी रोज, अंधार पडला की बाह्या खाली आणि फुलपँट. गोळीबद्दल जवानांत अफवा होत्या. स्लिमने पलटणींची अचानक तपासणी लावली आणि ज्या पलटणीत गोळीचं प्रमाण कमी निघालं तिच्या कमांडिंग ऑफिसरला काढलं. तिघांना काढावं लागलं. चौथ्याची वेळ आली नाही.

पहिल्या युनिटमध्ये आलो तेव्हा सूर्यास्तानंतर बाह्या खाली, मच्छरदाणी, हातापायांना डीएमपी तेल हे सगळं मीही केलं आणि करवून घेतलं. शिस्त म्हणून. सूर्यास्तच का, हे विचारायचं सुचलं नव्हतं. सूर्यास्त यासाठी, की ॲनोफिलिस तेव्हा चावायला निघतो. त्या नियमामागे शत्रूच्या वेळापत्रकाचा अभ्यास होता, आपण फक्त त्याचा निष्कर्ष पाठ केला होता.

अचलपूर, मुंबई, चेन्नई

आता अचलपूर. तेव्हा त्याचं सरकारी नाव एलिचपूर, वऱ्हाडची जुनी राजधानी. शेजारचं परतवाडा हे छावणीचं गाव. मेळघाटच्या पायथ्याशी, सापन आणि बिचन नद्यांच्या काठी. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या विल्यम ग्लेन लिस्टन या तरुण डॉक्टरने तिथे वर्षभर ॲनोफिलिस डासांच्या सवयी टिपल्या: कोणत्या पाण्यात अंडी, कोणत्या महिन्यात किती, कुठे बसतात. रॉसच्या शोधाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. १९०१ साली हे टिपण प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी लिस्टनने एका नव्या जातीचं वर्णन केलं. मलेरियाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्यावरून तिचं नाव ठेवलं स्टीफेन्सी. हाच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिनमध्ये, उंदरांवरच्या पिसवा प्लेग कसा नेतात या कामात पुढे होता.

स्टीफेन्सीचं वेगळेपण असं, की बहुतेक ॲनोफिलिस गावातले, ओढ्या-नाल्यांतले, भातखाचरांतले असतात. मलेरिया हा खेड्याचा आणि जंगलाचा आजार, ही समजूत त्यातूनच आली. स्टीफेन्सीला मात्र माणसाने साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. विहीर, हौद, टाकी. १९३७ साली म्हैसूर संस्थानात स्वीट आणि राव यांनी तिच्या अंड्यांवरून दोन प्रकार वेगळे केले. त्यातला एक शहरात मलेरिया पसरवण्यात फार तरबेज, दुसरा खेड्यातला आणि बराच निरुपद्रवी.

मुंबईला हे आधीच कळलं होतं. फोर्ट आणि गोदी भागात मलेरिया वाढला, तेव्हा चार्ल्स बेंटली यांनी चौकशी करून १९११ साली अहवाल दिला: दोषी स्टीफेन्सी, आणि तिचं मुख्य घर म्हणजे विहिरी. महापालिकेने विहिरी बुजवायला आणि झाकायला सुरुवात केली. त्यावर मोठा वाद झाला. विहिरीचं पाणी पूजेला लागतं, झाकलेल्या विहिरीवर सूर्यप्रकाश पडत नाही, असे आक्षेप हिंदूंनी आणि पारशांनी घेतले. महापालिकेत काम करणारे रुस्तम मसानी यांना या वादातून विहिरींच्या लोकश्रद्धांचा इतका रस लागला, की १९१८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही पारशांचं श्रद्धास्थान आहे. मुंबईत टाकीला घट्ट झाकण आणि तपासनिसाला वर चढायला शिडी हवी, हा नियम त्याच लढाईतून आला.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा लढा डीडीटीचा. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास कारवार आणि धारवाड भागात घरोघर फवारणी करून मलेरिया खाली आणून दाखवला. १९५३ साली देशभर कार्यक्रम सुरू झाला. १९४७ साली वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता, १९६५ पर्यंत ते लाखाच्या आसपास आले. त्याच फवारणीने वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ नाहीसा झाला. फवारणी थांबली तसा १९७० च्या दशकात तो बिहारमध्ये परतला. मलेरियाही परतला: १९७६ साली ६४ लाख रुग्ण. खेड्यांच्या भिंतींवर फवारणी झाली, शहरांच्या टाक्या मात्र शहरांवर सोडल्या होत्या. १९७१ मध्ये शहरांसाठी वेगळी मलेरिया योजना आली.

तमिळनाडूतल्या मलेरियाच्या रुग्णांत बरीच वर्षं सर्वात मोठा वाटा एकट्या चेन्नईचा राहिला. जंगल नाही, भातशेती नाही. पाण्याची टंचाई आहे. टंचाई असली की माणूस पाणी साठवतो आणि साठवलेल्या पाण्यावर हा डास वाढतो. त्यात तापमान वर्षभर असं, की परजीवीला डासात वाढायला एकही महिना बंद नाही. शोळिंगनल्लूरसारख्या भागात बांधकामांवरच्या हौदांची भर पडते. तिथे काम करणारे मजूर ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमधून येतात. काही जण यकृतात झोपलेला परजीवी घेऊन येतात आणि इथल्या टाकीत त्याचा वाहक तयार असतो. दोष मजुराला देणं सोपं आहे, पण टाकीचं झाकण बंद असेल तर त्याचा आजार त्याच्यापाशीच थांबतो.

आणि आता हा डास समुद्रापार गेला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. तिथे त्या वर्षी मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले होते. २०२० साली ७३,००० हून अधिक. पुढे तो इथिओपियात पोचला आणि २०२२ मध्ये दिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत साथ आली. आफ्रिकेचा मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यातला आणि पावसाळ्यातला होता, कारण तिथले डास तसे होते. नवा डास आला आणि रोगाचा ऋतू आणि पत्ता दोन्ही बदलले. श्रीलंका २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली आणि त्याच वर्षाअखेर मन्नारच्या विहिरींत स्टीफेन्सी सापडला. ज्यांनी १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेत तो भाग पाहिला आहे, त्यांना मन्नारच्या विहिरी आठवत असतील. तिथे आज डास आहे, परजीवी नाही. एक आजारी प्रवासी पुरे.

गच्चीवर

बाईंनी सांगितलेलं सगळं आपल्या आरोग्य खात्याच्या ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ या वाक्यात येतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं केलं की साखळी तुटते. गच्चीवरची मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी करता येत नाही, तिला झाकणच हवं. लष्करी भाषेत सांगायचं तर समोरच्या शत्रूशी लढण्यापेक्षा त्याची रसद तोडणं स्वस्त पडतं.

आम्ही चारही झाकणं बदलली, हवेच्या पाइपांना जाळी बांधली. सोसायटीच्या बैठकीत खर्चावरून तासभर वाद झाला, आणि एकाने विचारलं की आपल्या इमारतीत मलेरिया तर फक्त वॉचमनला झालाय ना? मी त्यांना बारा दिवसांचा हिशोब सांगितला. तो पोरगा टाकीखालच्या खोलीत झोपतो, टाकीतून निघालेला डास आधी त्याला चावतो आणि बारा दिवसांनी खालच्या मजल्यांवर येतो. ठराव मंजूर झाला.

पोराला डॉक्टरांनी तपासून १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप गेला आणि पाचव्या दिवशी त्याने गोळी घेतली नाही, बरं वाटतंय म्हणून. तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की गेटवर थांबायचो आणि माझ्यासमोर गोळी घ्यायला लावायचो. तो वैतागायचा. “सार, रोज?” मी म्हणायचो, रोज. चौदावी गोळी झाली त्या दिवशी त्याने रिकामं पाकीट मला आणून दाखवलं. मच्छरदाणी मी दिली आहे. ती तो लावतो की नाही, हे अजून अधूनमधून वर जाऊन बघतो.